मातीच्या अकरा गोळ्यांचा निकाल

प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे काढल्यावर, त्यांपैकी शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून, मला एक काम अजिबात येत नाही असे आढळून आले. ते काम म्हणजे मुलांसमोर बसून काहीही न करणे. हा शोध मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, जपानमधल्या इचिकावात, एका टेकडीच्या पायथ्याशी लागला. घटना क्रमाने सांगतो, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही.

माझी मुलगी आणि जावई दोघेही संगणकाच्या क्षेत्रातले. सहा वर्षांपासून इचिकावात राहतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नात, पाच वर्षांची आहे. जवळच टोकियोतल्या हिगाशी-कसाईत त्यांच्या ओळखीची बरीच मराठी घरे आहेत. तिथली तिच्या वयाची मुले बसने इंग्रजी शाळेत जातात आणि पाहुणे आले की वीसपर्यंत पाढे म्हणून दाखवतात. माझी नात मात्र टेकडीखालच्या एका जुन्या घरात भरणाऱ्या बालवाडीत जाते. तिथे वर्ग नाही, वेळापत्रक नाही, घंटा नाही. मुले सकाळी येतात, गोल करून ओंडक्यांवर बसतात आणि आज काय करायचे ते आपले आपण ठरवतात. मी पुण्याहून फोनवर विचारत असे, "आज काय शिकलीस?" ती म्हणे, "आज गांडूळ बघितलं." "आणि उद्या?" "उद्यापण तेच गांडूळ."

ही बालवाडी पालकांनी मिळून चालवलेली आहे. पगारी ताई दोनच. बाकी प्रत्येक घरातून एका मोठ्या माणसाने आठवड्यातला एक दिवस तिथे द्यायचा असतो. वाराने येणाऱ्या अशा कामाला तिकडे तोबान म्हणतात. तोबान चुकवून चालत नाही. ज्या घराला तो जमत नाही त्याने जागा सोडायची, कारण आत येण्यासाठी इतर घरे थांबलेलीच असतात. आमच्या घराचा वार मंगळवार, आणि तो इतकी वर्षे मुलगी सांभाळत होती.

गेल्या शरद ऋतूत मुलीला एका कंपनीने नोकरी देऊ केली. नातीच्या जन्मानंतरची ही तिची पहिलीच नोकरी होणार होती. अट एवढीच, की पहिले दोन महिने रोज ऑफिसात हजर राहायचे. पुढे आठवड्यातून दोन दिवस घरून काम, तेही आपल्या सोयीच्या वेळी. जावई निम्मा महिना नागोयाला असतो. म्हणजे दोन महिन्यांचे मंगळवार उघडे पडत होते. मुलीने नोकरी सोडावी किंवा नातीने बालवाडी सोडावी, अशा दोनच वाटा उरल्या होत्या. तिसरी वाट नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन विमानात बसली. ती वाट म्हणजे मी.

पत्नी तिच्या आईच्या आजारपणामुळे पुण्यातच थांबली. निघताना तिने माझ्या बॅगेत लसणाच्या चटणीची पुडी ठेवली आणि विचारले, "तिथं नुसतं बसायचंय म्हणे. जमेल ना?"

"बसायला काय लागतं?"

"तुम्हांला लागतं," ती म्हणाली. "खडू लागतो."

बालवाडीने तोबानसाठी नियमांचा एक कागद दिला होता. मी पोहोचल्याच्या रात्री जेवताना मुलीने तो मराठीत सांगायला घेतला.

"बाबा, नीट ऐका हं. मुलानं मागितल्याशिवाय मदत करायची नाही."

"ठीक."

"सूचना द्यायच्या नाहीत."

"म्हणजे मोठ्यानं द्यायच्या नाहीत?"

"कशाच द्यायच्या नाहीत. शाबासकीपण नाही."

"शाबासकीनं काय बिघडतं?"

"मला काय माहीत, बाबा! मी कोड लिहिते. इथं लिहिलंय ते वाचतेय. हात खिशात ठेवा किंवा मागं बांधा, असंपण लिहिलंय. आणि दिवसाच्या शेवटी जे दिसलं ते वहीत लिहायचं, फक्त दिसलं तेवढंच. 'छान', 'वाईट' असले शब्द घालायचे नाहीत."

"मग माणूस कशाला हवा? बुजगावणं उभं करा."

नातीने भातातून मान वर काढली. "बुजगावणं म्हणजे काय?" मी शेतातल्या बुजगावण्याचे सविस्तर वर्णन केले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते चालेल. ते बोलत नाही."

शेवटचा नियम मुलीने जरा हळू आवाजात वाचला. नव्या मोठ्या माणसाने तीन वेळा यायचे. चौथ्या वेळी सकाळच्या गोलात मुलांना विचारायचे, की हे माणूस इथे यायला हवे आहे का. एकाही मुलाची हरकत असली तर तिच्यावर बोलणे होते, आणि ती मिटली नाही तर त्या माणसाने येऊ नये. "आजपर्यंत कुणाला नाही म्हटलेलं नाही," मुलगी घाईने म्हणाली. मी मोकळेपणाने हसलो. पहिलीच्या प्रवेशासाठी शेकडो मुलांच्या मुलाखती मी स्वतः घेतल्या होत्या. टेबलाची ही बाजू मला चांगली ठाऊक होती. दुसरी बाजूही असते, एवढे फक्त लक्षात आले नव्हते.

पहिला मंगळवार मी निभावला, पण तो कसा निभावला हे माझे मला माहीत. सतरा मुले अंगणात पसरली. एका मुलाने चाळणीत बादलीतले पाणी ओतले. पाणी खाली गेले. त्याने पुन्हा बादली भरून आणली आणि पुन्हा ओतले. मी घड्याळ लावून पाहिले: हे अडतीस मिनिटे चालले. 'चाळणीत पाणी राहत नाही' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन अडतीस मिनिटे उभे होते. एका मुलीने डावा बूट उजव्या पायात घातला आणि ती तशीच टेकडी चढली. मी खिशातल्या हातांना मुठी करून बसवले. दहा चाळीस झाले, तेव्हा मधल्या सुटीची घंटा झाली नाही म्हणून मी उगाच उठलो आणि पुन्हा बसलो. मुले ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा डबा उघडून खात होती. कुणी साडेनवाला, कुणी एकला. एकाने सर्वांत आधी फळ खाल्ले. मी मान वळवली.

संध्याकाळी वहीत लिहिले: "पट सतरा, हजर सतरा. शिस्त सुधारण्यास वाव आहे." मुलीने ते जपानीत उतरवताना दुसरे वाक्य गाळले.

दुसऱ्या मंगळवारी मी बरोबर पाच ठिकाणी तोंड उघडले आणि पाचही वेळा मिटले. स्वतःवर मी समाधानी होतो. दुपारी मुले टेकडीवर गेली आणि दोन्ही ताई त्यांच्यामागे गेल्या. मला घरापाशी थांबायला सांगितले होते. ओसरीसारख्या लाकडी फळीवर मातीचे अकरा गोळे मांडलेले होते.

या गोळ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिकडची मुले ओली माती मुठीत घट्ट दाबून तिचा गोळा करतात. मग त्यावर कोरडी, अगदी बारीक माती भुरभुरवायची आणि अंगठ्याने घासायची. गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला की आतला ओलावा वर येतो. मग पुन्हा कोरडी माती, पुन्हा घासणे. हे दिवसेंदिवस चालते, आणि शेवटी कापडाने पुसत गेले की साध्या मातीचा गोळा शाळिग्रामासारखा चकाकू लागतो. मी पाहिला नसता तर माझा विश्वास बसला नसता.

एवढी मेहनत, आणि तिची कुठे नोंद नाही! कुणी शाबास म्हटलेले नाही, कुणी पाठ थोपटलेली नाही. माझ्यातला मुख्याध्यापक कळवळला. नियमांत 'बोलायचे नाही' असे होते. 'लिहायचे नाही' असे कुठेही नव्हते. उलट लिहायला वहीच दिली होती. मी खिशातली छोटी डायरी काढली आणि चार रकाने आखले: गोलाई, चकाकी, आकार, टापटीप. प्रत्येकी दहा गुण. अकराही गोळे मी हातात घेऊन, उजेडात फिरवून, नि:पक्षपातीपणे तपासले. एक गोळा पिशवीत गुंडाळून ठेवलेला होता; तोही बाहेर काढला, कारण परीक्षेला सर्वांना समान परिस्थिती हवी. मग गोळे गुणानुक्रमे मांडले, डायरीची पाने फाडून चिठ्ठ्या केल्या आणि पहिल्या तीन गोळ्यांसमोर १, २, ३ ठेवले, मुलांना कळावे म्हणून त्यांच्या अंकांत. चौथ्या आणि पाचव्याला 'उत्तेजनार्थ' दिले. उरलेल्यांनाही क्रमांक दिले, म्हणजे सुधारणेला दिशा मिळते.

पिशवीतला ओबडधोबड गोळा अकरावा आला. तो माझ्या नातीचा होता हे मला खालच्या खुणेवरून कळले होते. पण स्वतःच्या नातीला झुकते माप देणे माझ्या स्वभावात नाही.

मुले परत आली, फळीसमोर थांबली, आणि सगळीकडे शांतता पसरली. मला ती शांतता ओळखीची होती. निकाल लागल्यावर वर्गात हीच असते. मी सांगितलेला चिठ्ठ्यांचा अर्थ नातीने इतरांना जपानीत समजावला. पहिला गोळा लाल बूट घालणाऱ्या एका मुलीचा होता; वयाने तिथली सर्वांत मोठी, सहा वर्षे पूर्ण होत आलेली. तिने चिठ्ठी पाहिली, गोळा पाहिला आणि दोन्हींपासून एक पाऊल मागे सरकली. आनंदाने संकोचली असेल, असे मी धरून चाललो.

घरी जाताना नात म्हणाली, "आजोबा, तू माझा गोळा पिशवीतून का काढलास?"

"तपासायला."

"तो झोपला होता. आता त्याला चीर पडली."

"पुढच्या वेळी नीट कर, म्हणजे वरचा नंबर येईल."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचे वर्णन मी करू शकतो, पण करणार नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी फाटकातून आत शिरलो आणि जागीच थांबलो. अंगणात रांग होती. जिथे कधी दोन मुले एका दिशेला तोंड करून उभी राहत नव्हती, तिथे नऊ मुले एकामागे एक, हातात मातीचे गोळे घेऊन, माझी वाट पाहत उभी होती. खोटे कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मी ओंडक्यावर बसलो, डायरी उघडली आणि रांगेतल्या पहिल्या मुलाला बोटाने पुढे बोलावले. सकाळी अकरापर्यंत मी नवांचे क्रमांक लावले. ज्याचा सातवा आला तो मुलगा धावत जाऊन नवा गोळा करून पुन्हा रांगेत आला. "पाहा, प्रयत्नवाद!" मी कौतुकाने मुख्य ताईंकडे पाहिले. त्या दोन्ही हात मागे बांधून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा म्हणजे मी जपानी माणसाचा पाहिलेला सर्वांत सभ्य चेहरा होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन करून आम्हा दोघांना बोलावले. चहा दिला. आधी हवेविषयी बोलल्या, मग माझ्या उत्साहाविषयी. मुलगी भाषांतर करता करता अधूनमधून थांबत होती.

"बाबा, त्या म्हणतात, तुम्ही फार उत्साही आहात."

"आभार मान."

"नाही बाबा, ते... आभार मानण्यासारखं नाहीये ते."

पुढचे मला सरळ समजले. उन्हाळ्यापासून ही मुले गोळे करत होती आणि कुठल्याही मोठ्या माणसाला एक शब्द विचारत नव्हती. गेल्या आठवड्याभरात एकाही मुलाने विचारल्याशिवाय गोळा केला नाही. 'हा कितवा?' हेच एक वाक्य दिवसभर ऐकू येत होते. आणि लाल बुटांच्या मुलीने आपला गोळा निकालाच्या दिवसापासून हातात घेतला नव्हता. ती रोज त्याच्यासमोर बसून राहते, म्हणाल्या. पुसायला गेले आणि चीर पडली तर तो पहिला राहणार नाही, ही तिची भीती.

मी कप खाली ठेवला. पहिला आल्यावर वही उघडायला घाबरणारी मुले मी पाहिली होती. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी 'यश टिकवून ठेवावे' असा शेरा लिहीत असे.

"मी शुद्धिपत्रक काढतो," मी म्हणालो. "निकाल रद्द झाल्याचं जाहीर करतो."

मुलीने ते सांगितले. ताईंनी मान हलवली आणि मुलीने त्यांचे उत्तर माझ्याकडे वळवले. "त्या म्हणतात, तेपण तुम्हीच ठरवणार का?"

परतताना मुलगी दूध घ्यायला कोनबिनीच्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, दारात थांबली. "बाबा, मी रागवत नाहीये. पण कंपनीला पुढच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. गोल त्याच दिवशी सकाळी आहे. मुलं तुम्हांला नाही म्हणाली, तर मी कंपनीला नाही म्हणणार. हिला इथून मी काढणार नाही." ती आत गेली आणि दूध न घेताच बाहेर आली.

रात्री पत्नीचा फोन आला. मुलीने तिला सगळे सांगितलेले होते. "तुम्ही मातीचेसुद्धा नंबर काढलेत?" ती म्हणाली. "बरं, तिथं आहात. घरी असतात तर माझ्या पोळ्यांचे काढले असते." मग म्हणाली, "काढता तसे. मनातल्या मनात. मला कळतं."

त्या आठवड्यात मी जपानीतून नऊ वाक्यांचा माफीनामा पाठ केला. नात रोज तो म्हणून घेत होती आणि रोज एक वाक्य कमी करत होती. सोमवारी तीन उरली.

मंगळवारी सकाळी गोल भरला. सतरा मुले ओंडक्यांवर बसली आणि मीही एका ओंडक्यावर बसलो. तो माझ्या उंचीच्या माणसासाठी केलेला नव्हता, त्यामुळे गुडघे हनुवटीपाशी आले. मुख्य ताईंनी मुलांना तो प्रश्न विचारला. दुभाषी म्हणून नात माझ्याशेजारी होती. मुले मला 'आजोबा-सान' म्हणतात. 'सान' म्हणजे आपले 'जी', आणि 'आजोबा' हे माझे नावच आहे अशी त्यांची समजूत आहे.

"आजोबा-सान झाडावर चढतात का?" चाळणीवाल्याने विचारले.

नातीने मला न विचारताच उत्तर दिले. "नाही."

"अगं, सांग की लहानपणी चढायचो. आंब्यावर."

"त्यानं आत्ताचं विचारलंय."

"मग त्यांना काय येतं?" दुसऱ्याने विचारले. हा प्रश्न मला सोपा होता. पाढे, शुद्धलेखन, नकाशावाचन, कवायत, बुलबुलतरंग, अशी मी क्रमवार यादी दिली. नातीने जपानीत अगदी छोटे काहीतरी सांगितले. मुलांनी माना डोलावल्या.

"काय सांगितलंस?"

"बसायला येतं म्हटलं."

तेवढ्यात लाल बुटांच्या मुलीने हात वर केला. ती बराच वेळ बोलली, जमिनीकडे पाहून, आवाज न चढवता. नातीने ऐकून घेतले आणि माझ्याकडे न पाहता सांगितले, "ती म्हणते, तिची हरकत आहे. आजोबा आले की माती पहिली-दुसरी होते."

मी उभा राहिलो. ओंडक्यावरून उठायला दोन प्रयत्न लागले. पाठ केलेली तीनही वाक्ये म्हटली. मुलांनी ती शांतपणे ऐकली, पण त्यांच्यात कुणाला फारसा रस दिसला नाही. लाल बुटांच्या मुलीने एकच प्रश्न विचारला.

"ती म्हणते, तू किती गोळे केलेस?"

"मी? मी तपासतो."

"ती म्हणते, किती केलेस?"

"एकही नाही."

नातीने हे भाषांतर विलक्षण तत्परतेने केले. सगळ्या गोलात कुजबूज झाली. एक लहानगा अविश्वासाने माझ्या हातांकडे पाहू लागला, तळवे आणि मग उलटी बाजू. मला आठवले, की चौतीस वर्षांत मी चित्रकला, गायन आणि रांगोळी यांच्या स्पर्धांचे परीक्षण केले होते. मला यांतले एकही येत नाही. हा प्रश्न एकदाही कुणी विचारला नव्हता.

हरकत मिटली नाही. लाल बुटांची मुलगी म्हणाली, मी दुपारी सांगेन. ताईंनी ते मान्य केले, आणि गोल मोडला.

आता काय करावे? मी मातीच्या ढिगाकडे गेलो. ती तिथे एकटी उकिडवी बसली होती, समोर तो पहिला गोळा. मी नातीला हाक मारली. "तिला विचार, मला शिकवेल का?"

दोघींचे बोलणे झाले. "ती म्हणते, शिकवत नाही. बघ."

मी पँट वर घेऊन बसलो आणि बघितले. पुष्कळ वेळ तिने काहीच केले नाही. मग, मला दाखवायचे होते म्हणून की तिचा तिलाच कंटाळा आला म्हणून, कोण जाणे, तिने पहिला गोळा एका बाजूला सारला, ओल्या मातीत हात घातला आणि नवा करायला घेतला. मीही माती घेतली. माझी माती फार ओली होती; गोळा बोटांमधून शिऱ्यासारखा खाली गेला. दुसरा हातात राहिला, पण कोरडी माती लावताच त्याची साल निघाली. तिसऱ्याला मी दोन्ही तळव्यांनी दाबले.

"बरोबर आहे का?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले नाही.

थोड्या वेळाने पुन्हा विचारले. मग ताई जवळून जात होत्या, त्यांना गोळा दाखवून भुवया उंचावल्या. त्या हसल्या आणि पुढे गेल्या. नातीला विचारले, "कसा झालाय?" ती म्हणाली, "तुला कसा वाटतो?" मला कसा वाटतो हे मला खरोखरच सांगता येईना. दुपारपर्यंत मी एकूण सहा वेळा कुणाला ना कुणाला विचारले. नंतर नात म्हणाली आठ. लाल बुटांची मुलगी मात्र आता माझ्याकडे बघत होती. तिने माझ्या हाताजवळ आपल्या चिमटीतून कोरडी माती अशी काही भुरभुरवली, की ती पिठासारखी पसरली. मी ढीगभर लावत होतो, ती चिमूटभर लावत होती. मी चिमूटभर लावली. गोळा पहिल्यांदा अंगठ्याखाली गुळगुळीत लागला, आणि या वेळी कुणाला विचारायचे मला सुचले नाही, कारण ते हातालाच कळत होते.

घड्याळाकडे पुन्हा पाहिले तेव्हा दोन वाजायला आले होते. डबा खायचा राहून गेला होता. माझ्या हातात एक बटाट्याच्या आकाराची वस्तू होती, तिला एका बाजूने चीर गेलेली.

दुपारचा गोल लहान असतो. ताईंनी विचारले, सकाळची हरकत अजून आहे का? मी चिखलाचे हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. फाटकापाशी माझी मुलगी येऊन थांबली होती. फोन तिच्या हातात होता आणि ती स्क्रीनकडे पाहत नव्हती. लाल बुटांच्या मुलीने हात पुढे केला. मी गोळा तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो फिरवला, चिरेवर बोट ठेवले आणि ताईंना काहीतरी सांगून मला परत दिला. मुले उठली, टोप्या शोधायला पळाली. गोल संपला होता.

"काय म्हणाली?" मी नातीला विचारले. ती बूट घालत होती आणि तिला घाई नव्हती. "अगं, काय म्हणाली ती?"

मुलगीही आत आली. "काय झालं? हो की नाही?"

नातीने दुसरा बूट घातला. "ती म्हणाली, आजोबांना अजून येत नाही."

मुलीचा हात खाली गेला. "म्हणजे नाही."

"नाही नाही," नात म्हणाली. "येत नाही ना, म्हणून पुढच्या मंगळवारी ये म्हणाली. एका मंगळवारात होत नाही. खूप मंगळवार लागतात. आणि डायरी घरी ठेव म्हणाली."

मला आठवले, 'अजून येत नाही' असा शेरा मारून मी कितीतरी मुलांना शाळा सुटल्यावर बसवून ठेवले होते. त्याचा अर्थ 'पुन्हा ये' असाही होऊ शकतो, हे त्यांना मी कधी कळू दिले नव्हते.

मुलगी तिथेच अंगणात, चिखलात उभी राहून कंपनीला उत्तर लिहू लागली. एक ओळ तिने दोनदा खोडली. मी शेजारी उभा राहून वाचत होतो. जपानी मला येत नाही, तरी एका जागी अंतर जास्त सुटले आहे असे मला वाटले आणि मी तोंड उघडले.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली.

मी तोंड मिटले. तिने निरोप पाठवला.